छोटे गॅरेज आणि महाग स्कॅनर : एक अभ्यास

आपल्या समाजातील ज्या मुलांचे शिक्षण आठवी-दहावीनंतर सुटते, त्यांच्यापैकी पुष्कळ जण आजही गॅरेजचा रस्ता धरतात. एखाद्या उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढायची, पाने-पक्कड ओळखायची, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगायला शिकायचे आणि मग स्वतःची पत्र्याची शेड टाकायची, अशी ही जुनी वाट आहे. मिरजोळे एमआयडीसी, कुवारबाव आणि पुढे हातखंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याने गेलात तर अशा शेड दिसतील. या वाटेवर आता एक फाटक उभे राहिले आहे. त्या फाटकाचे नाव स्कॅनर.

माझा व्यवसाय कापडाचा आहे, गॅरेजचा नाही. हा विषय माझ्यापर्यंत आला तो एका पावसाळ्यात. दुकानाचा माल आणणाऱ्या गाडीच्या काचेखालचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटला आणि गाडी चढावर दम टाकू लागली. आमची गाडी वर्षानुवर्षे पाहणारे मिरजोळ्याचे मिस्त्री तासभर झटले आणि शेवटी म्हणाले, "शेठ, बिमारी वायरिंगमध्ये कुठेतरी आहे. पण ती बघायची मशीन माझ्याकडे नाही." गाडी ओढून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. दोन दिवसांनी परत आली. एका सेन्सरच्या जोडणीवर खारट दमट हवेने हिरवा गंज चढला होता, तो साफ केला, एवढेच काम निघाले. बिलात सर्वांत मोठी रक्कम गाडी ओढण्याची आणि त्याखालोखाल तपासणीची होती. तो गंज मिस्त्रींनी जुन्या दातांच्या ब्रशने दहा मिनिटांत काढला असता. त्यांना फक्त जागा माहीत नव्हती.

वर्कशॉपवाल्यांनी काही गैर केले असे मी म्हणणार नाही. यंत्र त्यांचे, जागा त्यांची, दर त्यांचा. परंतु माझे गेले ते पैसे. मिस्त्रींचे गेले ते गिऱ्हाईक. मी परत त्यांच्याकडे जातो, पण सगळेच जातील असे नाही. तेव्हापासून मी या यंत्राची माहिती जमा करू लागलो. व्यापाऱ्याच्या नजरेने जे दिसले ते येथे मांडत आहे.

हे यंत्र आले कोठून?

कार्बोरेटरच्या जमान्यात प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा जुनी मारुती ८०० दुरुस्त करायला डोळे, कान आणि हात पुरत होते. नंतर हवेच्या प्रदूषणाचे नियम आले. १ एप्रिल २००० पासून देशभर नव्या गाड्यांना युरो-१ च्या बरोबरीचे नियम लागू झाले आणि पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन सोडणारी पद्धत रुजली. डिझेलमध्ये कॉमन रेल आली. इंजिनाला किती हवा, किती इंधन, केव्हा, हे आता एक छोटी पेटी ठरवते. तिला मिस्त्री लोक ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात.

गाडीने स्वतःच आपला दोष लिहून ठेवावा, ही कल्पना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या प्रदूषण नियमांतून पुढे आली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली. युरोपने पेट्रोल गाड्यांसाठी ती २००१ पासून घेतली. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. बीएस-४ संपूर्ण देशात १ एप्रिल २०१७ ला आले आणि १ एप्रिल २०२० ला आपण बीएस-५ ओलांडून थेट बीएस-६ वर गेलो. त्याच दिवसापासून मोटारसायकली आणि स्कूटरही ओबीडीच्या कक्षेत आल्या. म्हणजे ज्याला वाटते की आपण फक्त दुचाकी दुरुस्त करतो, आपला या यंत्राशी काय संबंध, त्याचाही संबंध जुळला आहे.

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. स्कॅनर तेथे जोडला की ईसीयूने नोंदलेले दोष कोडच्या रूपाने दिसतात. पी०३०० म्हणजे इंजिनाचे सिलिंडर अधूनमधून चुकत आहेत. पी०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होत आहे. हे कोड मुंबईत जे, तेच मिरजोळ्यात आणि तेच दुबईत.

वाचणे निराळे, लिहिणे निराळे

येथे एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल. बाजारात तर अंगठ्याएवढा ब्लूटूथचा तुकडा काही शे रुपयांत मिळतो, तो मोबाईलला जोडून कोड वाचता येतात. मग महाग यंत्राची गरज काय?

या प्रश्नातच संपूर्ण विषय आहे. कायद्याने जी भाषा सर्व गाड्यांसाठी एक केली, ती फक्त प्रदूषणाशी संबंधित भागाची. इंजिनाचे ठरावीक दोष त्या स्वस्त तुकड्याला दिसतात. परंतु एबीएस ब्रेक, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, दरवाजांची कुलुपे, चावीचा इमोबिलायझर हे सर्व प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत बोलते. ती भाषा शिकवण्याचे बंधन त्या नियमात नव्हते. महागडे मल्टिब्रँड यंत्र बनवणारा या अनेक भाषा गोळा करतो, दरवर्षी नव्या मॉडेलांची भर टाकतो आणि त्याचे पैसे घेतो.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. स्वस्त यंत्र वाचते. फार तर वाचलेले पुसते. महाग यंत्र लिहिते. बऱ्याच कॉमन रेल डिझेल गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याच्यावर छापलेला क्रमांक ईसीयूमध्ये भरावा लागतो. नाही भरला तर इंजिन खडखडते किंवा धूर टाकते. नवी चावी गाडीला ओळखायला शिकवावी लागते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी यंत्राने ब्रेकची मोटर मागे घ्यावी लागते. बीएस-६ डिझेल गाडी फक्त गावातल्या गावात फिरली की तिच्या धुराच्या जाळीत काजळी साठते आणि ती यंत्राने हुकूम देऊन जाळावी लागते. या कामांत नुसता कोड वाचून भागत नाही. उस्तादाचा हात कितीही साफ असो, पाना फिरवून ही कामे होत नाहीत. अलीकडे काही कंपन्यांनी तर सॉकेटच्या आत आणखी एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसवला आहे. कंपनीकडे नोंदणी केलेल्या यंत्रालाच तो आत सोडतो.

आज बाजारात विचारणा केली तर भारतीय गाड्यांवर बऱ्यापैकी काम करणारे मल्टिब्रँड यंत्र पन्नास-साठ हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जाते. शिवाय एक-दोन वर्षांनी अपडेटचे पैसे सुरू होतात. ते न भरल्यास यंत्र जुन्या गाड्यांपुरते उरते. आमच्या धंद्यात थान एकदा घेतले की ते आपले. गिरणीवाला दरवर्षी येऊन त्याचे भाडे मागत नाही. स्कॅनरची किंमत म्हणजे फक्त डब्यावरची किंमत समजणारा दुसऱ्या वर्षी फसतो.

आयोगाने काय सांगितले होते?

कंपन्यांनी स्वतःचे स्पेअर पार्ट आणि तपासणी यंत्रे आपल्या अधिकृत डीलरांपुरती राखून ठेवणे योग्य आहे काय, हा प्रश्न आपल्या देशात तपासला गेलेला आहे. २०११ मध्ये शमशेर कटारिया या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तीन मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडापेक्षा महत्त्वाचे होते ते आदेश. स्पेअर पार्ट आणि तपासणीची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना सहज मिळावीत अशी व्यवस्था करा. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. छोट्या गॅरेजमध्ये कारागिरी कच्ची असते आणि नकली पार्ट वापरले जातात, असा बचाव कंपन्यांनी केला होता. तेवढ्यावरून बाजार बंद ठेवणे आयोगाला मान्य झाले नाही.

पुढे अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत आयोगाचे मूळ निष्कर्ष कायम ठेवले, मात्र दंडाचा हिशोब संपूर्ण उलाढालीऐवजी स्पेअर पार्टच्या उलाढालीवर आणून तो कमी केला. इतर काही कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्याच्या चार क्षेत्रांत मोटारगाड्याही आहेत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हा प्रश्न जनतेने मतपेटीतून सोडवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये सुमारे ८६ टक्के मतदारांनी कौल दिला की कंपनी आपल्या डीलरला जी माहिती व जी साधने देते, ती वाजवी किमतीत स्वतंत्र गॅरेजलाही द्यावी. २०१४ मध्ये मोटार कंपन्यांनी तोच करार सर्व देशासाठी मान्य केला. लक्षात घ्या, तेथेही 'फुकट' असा शब्द नव्हता. शब्द होता 'वाजवी'.

म्हणून कायदा आपल्या बाजूने झुकलेला असला, तरी तो मिरजोळ्याच्या शेडमध्ये यंत्र आणून देत नाही. दरवाजा उघडा ठेवा असे तो कंपनीला सांगतो. आत जाण्याची फी आपल्यालाच भरावी लागते. ही फी कशी भरायची, याचा विचार आता करू.

एकट्याने घेतले तर

एक हिशोब मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. यंत्र ९०,००० रुपयांचे धरू आणि ते चार वर्षे चालेल असे समजू. पहिले वर्ष अपडेट फुकट, पुढची तीन वर्षे दरवर्षी १५,००० रुपये. चार वर्षांचा एकूण खर्च १,३५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये.

आता छोट्या गॅरेजकडे खरोखर स्कॅनर लागेल अशा गाड्या आठवड्याला दोन येतात असे धरले, तर वर्षाला साधारण शंभर. एका गाडीमागे नुसता यंत्राचा खर्च ३३७ रुपये पडला. त्यात मिस्त्रीची मजुरी नाही, त्याच्या डोक्याची किंमत नाही. आणि गिऱ्हाईक तर म्हणते, "नुसती मशीन लावायचे दोनशे रुपये कशाला?" एकट्याने घेतलेले यंत्र आठवड्यातून पाच दिवस कपाटात बसते. कपाटात बसलेला माल काय खातो, हे कापडवाल्याला विचारा.

तेच यंत्र पाच गॅरेजांत फिरले, तर वर्षाला पाचशे गाड्या झाल्या आणि खर्च गाडीमागे ६७ रुपये ५० पैशांवर आला. येथून पुढचा सर्व विचार या दोन आकड्यांमधील फरकावर उभा आहे.

सायझिंगचे उदाहरण

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांनी यंत्रमाग पाहिले असतील. माग लावण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ लावून, वाळवून ते बीमवर गुंडाळावे लागते. याला सायझिंग म्हणतात. सायझिंग झाले नाही तर सूत मागावर तटातट तुटते. परंतु आठ-बारा माग असलेला माणूस स्वतःचे सायझिंग यंत्र घेत नाही. ते यंत्र मोठे, महाग आणि त्याच्या बारा मागांना महिन्यातून थोडाच वेळ लागणारे. तो सूत सायझिंगवाल्याकडे पाठवतो, मजुरी देतो, तयार बीम आणतो. सायझिंगवाला शेकडो मागांवर जगतो आणि माग सायझिंगवर. कोणी कोणाचा मालक नाही. गेली कित्येक दशके हा कारभार असाच चालू आहे.

माझ्या मते स्कॅनर हे गॅरेजांचे सायझिंग आहे. प्रत्येकाला लागते, पण प्रत्येकाला दिवसभर लागत नाही.

पहिला मार्ग सरळ भागीदारीचा. पाच गॅरेजवाल्यांनी प्रत्येकी १८,००० रुपये घालून यंत्र घ्यावे. आपल्या फिक्हमध्ये याला शिरकत म्हणतात. नियम साधा आहे: तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात. कागदावर हा मार्ग सुंदर दिसतो. व्यवहारात मात्र मला यात भांडण दिसते. आंब्याच्या हंगामात रात्री वाशी मार्केटला निघालेली पिकअप बंद पडली की पाचही जणांना यंत्र त्याच वेळी हवे असते. केबल तुटली तर कोणाच्या हातून तुटली? अपडेटचे पैसे चौघांनी दिले आणि पाचवा म्हणाला पुढच्या महिन्यात, तर? दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो अशी मराठीत म्हण आहे; पाच घरचे यंत्र बेवारस व्हायला वेळ लागत नाही. ज्यांचे आपसांत सख्य आहे, दुकाने शेजारी आहेत, त्यांनीच हा मार्ग घ्यावा, आणि एका माणसाला यंत्राचा अमीन नेमून चावी त्याच्याकडे द्यावी.

दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा कोर्स करून बाहेर पडलेला, स्क्रीनवरची इंग्रजी वाचू शकणारा एखादा होतकरू मुलगा निवडावा. यंत्र त्याच्या हाती द्यावे. त्याने स्वतःचे गॅरेज काढू नये. स्कूटरवर यंत्र घेऊन ज्या मिस्त्रीचा फोन येईल त्याच्याकडे जावे, तपासणी करावी, कोड आणि आकडे मिस्त्रीसमोर ठेवावेत, ठरलेली मजुरी घ्यावी आणि निघावे. गिऱ्हाईक मिस्त्रीचे, दुरुस्ती मिस्त्रीची. सायझिंगवाला कापड विकायला बसत नाही, तसाच हा मुलगा गाडी दुरुस्त करायला बसणार नाही. ही अट आधीच पक्की केली नाही, तर एक वर्षात तोच मिस्त्रींचा प्रतिस्पर्धी होईल आणि कोणी त्याला बोलावणार नाही.

या मार्गाचा आणखी एक फायदा मला माझ्या शिक्षणामुळे जाणवतो. मी उर्दू माध्यमात शिकलो. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी बीजक हाती आले तेव्हा अंगाला घाम फुटला होता. ज्या उस्तादाने तीस वर्षे हाताने काम केले, त्याच्यासमोर इंग्रजी अक्षरांनी भरलेली स्क्रीन ठेवली की तो शागिर्दासमोर लाजतो आणि 'मला मशीनची गरज नाही' असे म्हणून मोकळा होतो. गरज त्यालाही असते. फिरत्या मुलाने नेहमी येणाऱ्या चाळीस-पन्नास कोडची वही मराठीत किंवा उर्दूत करून प्रत्येक गॅरेजला द्यावी. वहीला खर्च काहीच नाही.

पैसा कोठून?

मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अनुदानाच्या योजनाही आहेत, परंतु त्यांचे अनुदान बँकेच्या कर्जाशी बांधलेले असते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात असे ऐकून आपले मिस्त्री चौकशी करतात. त्या यादीत अठरा व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूपवाला आहे, नाव बांधणारा आहे, मोटार मिस्त्री नाही.

कर्ज म्हटले की व्याज आले, आणि आपल्यापैकी पुष्कळांना व्याजापासून दूर राहायचे असते. त्यांच्यासाठी रस्ता बंद नाही. फिरत्या मुलाचा जो मार्ग वर सांगितला तो मुदारबाच्या जवळचा आहे: भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरलेल्या हिश्शाने. तोटा झाला आणि मेहनत करणाऱ्याची हयगय नसली, तर भांडवल भांडवलवाल्याचे जाते आणि मेहनत मेहनतवाल्याची. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नबुव्वतपूर्वी हज़रत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन व्यापार केला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसरा उपाय मुराबहाचा. एखाद्या व्यापाऱ्याने यंत्र स्वतः विकत घ्यावे, ताब्यात घ्यावे आणि खरेदीची किंमत व आपला नफा उघड सांगून ते मिस्त्रीला हप्त्याने विकावे. हप्ता लांबला म्हणून किंमत वाढवायची नाही. बहुसंख्य उलेमा असा सौदा जायज मानतात.

तिसरी गोष्ट ज़कातीची. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहोत. शाफई मज़हबचे मोठे इमाम नववी यांनी लिहिले आहे की ज्या गरजूला एखादा हुनर येतो, त्याला त्या हुनराची अवजारे घेता येतील एवढे द्यावे. म्हणजे हलाखीत असलेल्या कारागिराला दरवर्षी रमज़ानमध्ये दोन-दोन हजार देण्याऐवजी एकदा त्याच्या हाती साधन देणे आपल्याच मज़हबच्या किताबांत आहे. कोण पात्र आहे, कोण नाही, हे मात्र आपापल्या जमातीच्या आलिमांना विचारूनच ठरवावे. शेड, दोन शागिर्द आणि स्वतःची गाडी बाळगणारा मिस्त्री गरीब म्हणून रांगेत उभा राहू नये.

मार्ग कोणताही असो, लिहून घ्या. देण्याघेण्याचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत इतक्या तपशिलाने आहे की ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. आपले व्यापारी ती पाठ म्हणतात आणि व्यवहार तोंडी करतात.

घेण्यापूर्वी

बाजारात नामांकित युरोपी यंत्रांच्या चोरट्या नकला चार-पाच हजारांत मिळतात. सॉफ्टवेअर कुलूप तोडलेले असते. पुष्कळ गॅरेजवाले त्या वापरतात आणि 'सगळेच वापरतात' असे सांगतात. दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी ती चोरीच, हा एक भाग झाला. दुसरा भाग धंद्याचा: अशा नकलेने वाचण्याचे काम बरेचदा होते, पण लिहिताना मध्येच बंद पडली तर ईसीयूच निकामी होण्याचा धोका आहे. वीस-तीस हजारांची पेटी गिऱ्हाइकाला भरून द्यावी लागली तर स्वस्त यंत्र किती महाग पडले?

कोड म्हणजे निदान नव्हे. ताप मोजला म्हणजे रोग कळला असे होत नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे आहेत. खरा दोष फाटलेल्या हवेच्या पाइपात असतो. कोड पाहिल्यानंतर साध्या मल्टिमीटरने वायर तपासण्याची सवय ज्याला आहे, त्याच्या हाती स्वस्त यंत्रही कामाचे आहे. आपल्या किनाऱ्याच्या हवेत तर निम्म्याहून अधिक वेळा जोडणीचा गंज आधी पाहावा, असे माझे मिस्त्री आता सांगतात.

कोड पुसता येतात, आणि येथेच इमान पणाला लागते. जुनी गाडी विकण्यापूर्वी दिवा विझवून द्या, अशी मागणी घेऊन लोक येतात. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पुसलेला कोड हे झाकलेले ओले धान्यच आहे. घेणाऱ्यालाही एक गोष्ट माहीत असावी: कोड नुकतेच पुसले असतील तर यंत्रात 'रेडीनेस' नावाच्या चाचण्या अपूर्ण दिसतात. गाडी काही दिवस चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत.

विक्रेत्याच्या छापील यादीत शंभर कंपन्यांची नावे असतात. यादी पाहू नका. आपल्या शेडमध्ये सर्वांत जास्त येणाऱ्या पाच गाड्या उभ्या करा आणि यंत्र तेथे चालवून दाखवायला सांगा: एक पेट्रोल मारुती, एक बीएस-४ पिकअप, एक बीएस-६ पिकअप, एक छोटा टेम्पो आणि एक नवी स्कूटर. पिकअपमध्ये इंजेक्टरचा क्रमांक भरता येतो का, जाळीची काजळी जाळता येते का, हे डोळ्यांनी पाहा. अपडेट संपल्यावर जुन्या गाड्यांवर यंत्र चालत राहील की पूर्ण बंद पडेल, हे बिलावर लिहून घ्या. दुरुस्तीसाठी यंत्र कोठे पाठवावे लागेल, किती दिवस लागतील, तेही विचारा. पुण्या-मुंबईला गेलेले यंत्र आंब्याच्या हंगामात तीन आठवडे परत आले नाही, तर त्या वर्षीचा हिशोब तेथेच मोडतो. म्हणून खरेदी पावसाळ्यानंतर करावी आणि मार्चपूर्वी तीन-चार महिने हात बसू द्यावा.

आमच्या मिस्त्रींशी याविषयी दोनदा बोलणे झाले आहे. शेजारचे दोन गॅरेजवाले तयार आहेत, तिसरा विचार करतो. मुलगाही नजरेत आहे. अडले आहे ते तपासणीच्या मजुरीवर: मिस्त्री म्हणतात दीडशे, मुलगा म्हणतो अडीचशे.